चिन्मय बर्फात तंबू ठोकणार म्हणे (फॅमिली ग्रुपवरची कालची चर्चा)

शैलाआत्या: चिन्मयच्या स्टेटसला मोटारसायकल आणि तंबू, खाली लिहिलंय "दोन आठवडे राहिले". जानेवारीत? जर्मनीत? वहिनी तुम्हाला माहिती होतं का? मला हल्ली सगळं स्टेटस बघूनच कळतं

चिन्मयची आई: शैलाताई मलाही कालच कळलं हो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही

रोहन: हत्तींच्या जत्रेला चाललाय तो 😄

शैलाआत्या: कसले हत्ती?? नीट सांगा कुणीतरी

चिन्मय: आत्या नमस्कार. हत्ती नाहीत. एलेफंटेनट्रेफेन, म्हणजे हत्तींचा मेळावा, असं नाव असलेला मोटारसायकलवाल्यांचा मेळावा असतो, थंडीतच भरतो. 1956 ला एर्न्स्ट लेफरकूस नावाच्या पत्रकाराने स्टुटगार्टजवळ सोलिट्यूडला पहिल्यांदा भरवला. त्सुंडाप केएस 601 म्हणून गाडी होती, साइडकार लावून चालवायचे, तिला लोक हिरवा हत्ती म्हणायचे, त्या गाडीवाल्यांसाठी. मग बरीच वर्षं न्यूरबुर्गरिंगच्या रेसट्रॅकवर व्हायचा, 1989 पासून बव्हेरियाच्या जंगलात थुर्मान्सबांगजवळ लोह म्हणून वस्ती आहे तिथे. म्युनिकपासून पावणेदोनशे किलोमीटर फक्त. हजारो लोक येतात, पार इटलीहून गाडी चालवत. मी एकटा नाहीये, ऑफिसातले दोघं आहेत, त्यातला एक दरवर्षी जातो

शैलाआत्या: हजारो जातात म्हणून आपण जायचं का. दिवसा बघ आणि रात्री हॉटेलात झोप की

बाळूकाका: चिन्मय एकच सांगतो. तंबूत शेगडी, कोळसा, गॅस काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो

नाना: जाऊ दे त्याला. मी जावा मोटारसायकलवर डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला गेलोय, वेण्णा लेकवर दंव गोठलेलं होतं. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालायचं, वारा लागत नाही

चिन्मय: नाना इथले जुने लोक पण पेपर घालतात अजून!! तुम्ही यायला पाहिजे होतं

शैलाआत्या: नाना तुम्हाला कुणी अडवलं नाही. मला कॉलेजला साधी सायकल मिळाली नव्हती, मुलीच्या जातीला म्हणून. जाऊ दे

नाना: शैला तो विषय आत्ता कुठे आला

शैलाआत्या: आला कुठे, तिथेच आहे

रोहन: चिन्मय स्लीपिंग बॅग कुठली? पिशवीवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार एक्स्ट्रीमचा आकडा सांगून विकतात, त्यात माणूस फक्त जिवंत राहतो, झोप नाही लागत. कम्फर्टचाच धर. आणि खाली जाड फोमची मॅट घे, गारठा जमिनीतून येतो वरून नाही. कळसूबाईला शिकलो हे

चिन्मय: कम्फर्ट उणे दहाची आहे. मॅट दोन, एकावर एक. शिवाय तिथे पेंढा विकत मिळतो, तंबूखाली पसरतात

शैलाआत्या: पेंढा! गोठ्यात झोपायला गेला का हा एवढं शिकून

चिन्मयची आई: शैलाताई पेंढा उबदार असतो खरं. आमच्या माहेरी खळ्यावर झोपायचो आम्ही

रोहन: बैलपोळ्याला शिंगं रंगवून फोटो टाक रे 😂

बाळूकाका: परत सांगतो. तंबूत शेगडी, कोळसा, गॅस काहीही पेटवायचं नाही. चिन्मय उत्तर दिलं नाहीस

नाना: चिन्मय मार्चमध्ये येणार आहेस ना सातारच्या घराच्या सह्यांना. सगळी सुट्टी यात घालवू नकोस

बाळूकाका: नाना सह्यांचा विषय ग्रुपवर काढायचा नाही असं ठरलं होतं

नाना: कुणी ठरवलं? मला कुणी विचारलं?

चिन्मयची आई: कृपा करून आत्ता नको. पोराचं आधी बघू 🙏

मेधाताई: हॉस्पिटलमधली ड्यूटी आत्ता संपली, सगळं वाचलं. चिन्मय, काका बरोबर बोलतायत आणि तू अजून हो म्हणाला नाहीस हे मला आवडलेलं नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून अख्खी कुटुंबं जातात, तंबू तर त्याहून लहान. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी यातलं काही वाटलं की चेन उघडून आधी बाहेर, विचार नंतर करायचा. दुसरं म्हणजे दारू. तिथे गरम वाइन मिळणार. प्यायली की अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, पण कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि शरीराची उष्णता बाहेर जाते. आणि सुती बनियन नको, घामाने ओला झाला की वाळत नाही, लोकरीचा घाल

चिन्मय: ताई हो. तंबूत काही पेटवणार नाही, शब्द देतो. स्वयंपाक बाहेर उघड्यावर. साधा ब्युटेनचा सिलिंडर शून्याच्या आसपास बसतो, गॅसच होत नाही त्याचा, म्हणून पेट्रोलचा स्टोव्ह घेतलाय. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पण आणतो उद्या. शेकोटी सगळ्यांची बाहेर असते, लाकडं तिथेच मिळतात

बाळूकाका: अलार्म असला तरी पेटवायचं नाही

चिन्मय: हो काका 🙏

शैलाआत्या: आणि रस्त्याचं काय? बर्फावर दोन चाकं राहतात का उभी?

चिन्मय: आत्या मुख्य रस्ते साफ असतात, मीठ मारतात. डेगेनडोर्फपर्यंत महामार्ग आहे, खरी कसरत शेवटच्या तीसेक किलोमीटरची, घाटासारखी वळणं आणि सावलीत बर्फ. मोटारसायकलला हिवाळी टायरची सक्ती नाही, पण तसे टायर नसले आणि बर्फ असला तर कायद्यानेच 50 च्या वर जाता येत नाही. खिळ्यांच्या टायरला बंदी. थंडीचं म्हणशील तर शून्य अंशात 80 ने चालवलं तर अंगाला उणे दहासारखं लागतं, म्हणून हँडलला गरम ग्रिप आणि वरून हात झाकणारे मोठे मफ लावलेत. दर तासाला थांबणार. रस्ता बर्फाने बंद असला तर जाणार नाही, हे आम्ही तिघांनी ठरवलंय

नाना: चेनला मीठ लागेल. आल्याबरोबर धुवून तेल दे

मेधाताई: येताना जास्त सांभाळ. जाताना उत्साह असतो, रविवारी दोन रात्रींची अर्धवट झोप असते. डोळे जड झाले तर कुठेही गाडी लाव आणि खोली घे, पैसे मी देते

शैलाआत्या: मेधा म्हणते तर ठीक. पण एवढा हट्ट कशाला हे मला अजून कळलं नाही

चिन्मय: आत्या खरं सांगू का. इथे आल्यापासून माणसं ऑफिसात भेटतात आणि पाचला घरी जातात. ही सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा या दोघांनी आपणहून चेन बदलून दिली, गॅरेजात थंडीत रात्रीपर्यंत थांबले. त्यातल्या एकाचे वडील न्यूरबुर्गरिंगच्या मेळाव्यांना जायचे, आता नाहीत. तिथे शनिवारी संध्याकाळी मशाली घेऊन मिरवणूक निघते, गेलेल्या मोटारसायकलवाल्यांची आठवण काढतात. त्याने मला बरोबर चल म्हणून सांगितलंय. मला जायचंय

चिन्मयची आई: हे काल फोनवर का नाही सांगितलंस रे

नाना: जा

शैलाआत्या: बरं जा. मेथीचे लाडू पाठवले असते पण पोचणार कधी. रोज मेसेज टाकायचा, ग्रुपवर, स्टेटसला नाही

चिन्मय: रोज सकाळी 9 ला टाकतो, म्हणजे तुमच्याकडे दीड. तिथे रेंज गेली तर पुढच्या गावात येऊन टाकीन

शैलाआत्या: दीडला माझी जेवणं चालू असतात. वहिनींना फोन कर, मी त्यांना विचारते

बाळूकाका: अलार्म आणलास की फोटो टाक इथे

नाना: आणि मार्चचं तिकीट