मदत हवी आहे: न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस, १८७७ चा घोळ आणि एक मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी वाचनकट्ट्यावर वीस मिनिटं बोलायचंय. विषय हौसेनं मीच घेतला, आता अडलोय.

डेव्हिस हा अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टनचा वकील. १८४४ मध्ये आमदार झाला, १८४८ पासून आठव्या सर्किटचा न्यायाधीश. सर्किट म्हणजे खरोखरची फिरती. न्यायाधीश आणि वकील घोडागाड्यांतून गावोगाव हिंडायचे, मुक्कामाला एकाच खानावळीत. वकील एका खाटेवर दोघं-दोघं झोपत. डेव्हिसचं वजन ३०० पौंडांच्या आसपास, त्याच्या खाटेत वाटेकरी कोण होणार? (हे तर मी सांगणारच.)

त्या वकिलांत लिंकन होता. १८६० मध्ये शिकागोतल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात त्याच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची सूत्रं डेव्हिसनं हलवली. १८६२ मध्ये लिंकननं त्याला सर्वोच्च न्यायालयात नेमलं. तरी १८६६ च्या मिलिगन निकालात यानंच लिहिलं की, नागरी न्यायालयं चालू असताना सामान्य नागरिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवता येणार नाही. लिंकनच्याच कारकिर्दीतली शिक्षा त्यानं मोडीत निघाली.

आता अडचण. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन हेस जिंकला की डेमोक्रॅट टिल्डन, हा वाद मिटवायला १८७७ मध्ये १५ जणांचा आयोग नेमला. सात इकडचे, सात तिकडचे, पंधरावा कुठल्याच पक्षाचा नसलेला डेव्हिस असणार असं सगळे धरून चाललेले. ऐन वेळी इलिनॉयच्या विधिमंडळानं त्याला सिनेटवर निवडलं, तेही डेमोक्रॅटांच्या मतांवर! त्यानं आयोग नाकारला, जागी रिपब्लिकन ब्रॅडली आला, ८ विरुद्ध ७ नं हेस अध्यक्ष. डेमोक्रॅटांनी आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेतला?

दुसरं, लिंकन (वकील असून!) मृत्युपत्र न करता गेला. त्याच्या मालमत्तेचा कारभार डेव्हिसनं पाहिला. त्या कामाला मराठीत काय म्हणू?

प्रतिसाद:
दादा, तेव्हा सिनेटर जनता नाही, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. थेट निवडणूक १९१३ नंतरची. इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्डमध्ये कुणालाच बहुमत मिळेना, फेऱ्यांवर फेऱ्या चाललेल्या. मूठभर अपक्षांना डेव्हिस चालत होता, डेमोक्रॅट त्यांच्या मागे गेले. तिथल्यांना आपली जागा सोडवायची होती, वॉशिंग्टनचं गणित वेगळं.

कोर्टाच्या भाषेत 'प्रशासक'. पण कट्ट्यावर तो शब्द नको, लोकांना महापालिका आठवेल. 'मालमत्तेची व्यवस्था पाहिली' एवढंच म्हणा.

धागाकर्ता:
महापालिकेचं खरंय! खोडला शब्द.