रद्दीवाल्याकडे अजूनही इंद्रजाल सापडतात

जुने इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आता फक्त ऑनलाईन आणि तेही अवाच्या सवा किमतीलाच मिळतात असं काही जण म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही. गेल्या रविवारी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर सहज चाळायला थांबलो तर इंग्रजी कादंबऱ्यांच्या गठ्ठ्याखाली वेताळाचे (म्हणजे फँटमचे) चार मराठी अंक निघाले, शिवाय इंद्रजालचाच दुसरा नायक बहादूर याचा एक, सगळे मिळून ३५० ला घेतले. दुकानदार आधी ६०० म्हणत होता, पण दोन अंकांची मधली पानं सुटलेली होती ती दाखवली आणि पाचही एकदम घेतो म्हटलं तेव्हा उतरला. ऑनलाईन एकेका अंकालाच तेवढे मागतात हो!

घेताना आधी पिना बघा, गंजलेल्या असल्या तर मधला कागद हमखास फाटतो, आणि पानं मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण कोडी न् कूपनं कापलेली असतात. १९६४ ते १९९० मध्ये आठशेच्या वर अंक निघाले, त्यात ४४३ नंतर सलग क्रमांक बंद होऊन खंड आणि अंक असं सुरू झालं, त्यामुळे यादी करताना गोंधळ होतो, तेवढं लक्षात ठेवा.

लेखक आबिद सुरतींचा बहादूर मराठीत इतक्या चांगल्या अवस्थेत पहिल्यांदाच मिळालाय, मुखपृष्ठाचे रंग अजून तसेच आहेत, रात्री दोनदा वाचला. कुणाकडे जादूगार मँड्रेकचे मराठी अंक डबल असतील तर सांगा, माझ्याकडे वेताळाचे दोन जास्तीचे आहेत, अदलाबदल करू.