चार माथेफिरूंवरून अख्खा धर्म मोजणाऱ्यांना नेमकं उत्तर काय द्यायचं?

पंचगंगाकाठ
कुठंही स्फोट झाला की पेठेतल्या, तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य येतंच: "सगळे मुसलमान दहशतवादी नसतात, पण सगळे दहशतवादी मुसलमानच असतात." त्यावर 'सगळे धर्म चांगलेच' एवढंच म्हटलं तर टिकत नाही. समोरचा चार घटनांची यादी टाकतो आणि विषय संपतो. हे वाक्य चुकतं कुठं, आणि भांडण न पेटवता ते मांडायचं कसं? 7 जून 2023 ला मोजक्या जणांच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक, लाठीमार आणि इंटरनेट बंदपर्यंत गेलं होतं, म्हणून विचारतोय.

गणिताचा_तास
वाक्याचा दुसरा भाग मुळात खोटा आहे. 22 जुलै 2011 ला नॉर्वेत 77 माणसं मारणारा ब्रेव्हिक स्वतःला ख्रिस्ती युरोपचा रक्षक म्हणवत होता. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या मेट्रोत सरिन वायू सोडणाऱ्या पंथाच्या नावातच 'ओम' होता आणि ते शिवाला मानत होते. त्याबद्दल अंबाबाईच्या दारात कुणी कुणाकडं खुलासा मागितला नाही, आणि ते बरोबरच झालं.

खरी गफलत प्रमाण उलटं वाचण्यात आहे. पंचगंगेला महापूर येतो तो पावसाळ्यात. म्हणून पावसाळ्याचा प्रत्येक दिवस पुराचा होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडतं ते दिवस मोजकेच. 'पुराच्या दिवसांपैकी पावसाळ्यातले किती' आणि 'पावसाळ्याच्या दिवसांपैकी पुराचे किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की अख्खा समाज आरोपी होतो.

आता आकडे घाला. 2011 च्या जनगणनेत देशात मुसलमान 17.22 कोटी. मुद्दाम फुगवून धरा की त्यांत 10,000 अतिरेकी आहेत. म्हणजे 17,220 माणसांत एक. संशय हवा तर दहापट वाढवा, तरी 1,722 त एक. उरलेल्या 1,721 जणांना कशाच्या जोरावर धरायचं, एवढंच विचारा. बातमी त्या एकाचीच येते, म्हणून डोळ्यांपुढं तोच राहतो.

जुना_राजवाडा
गणित बरोबर आहे, पण कोल्हापूरकराला 1948 आधी सांगा. गांधीजींना गोडसेनं मारलं, गोडसे ब्राह्मण, एवढ्यावरून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं ब्राह्मणांची घरं पेटवली. इथला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्याच जाळपोळीत गेला. 1984 ला इंदिराजींवर गोळ्या झाडणारे अंगरक्षक दोन, आणि मारले गेलेले शीख सरकारी आकड्यानं एकट्या दिल्लीत 2,733. एकाचा गुन्हा जातीवर, धर्मावर टाकला की पुढं काय होतं, ते आपल्याच गल्लीत घडून गेलंय.

स्पष्टच_सांगतो
एक हरकत. 'अतिरेक्यांचा धर्माशी संबंधच नसतो' हेही धादांत खोटं आहे. ते धर्मग्रंथातली वचनं दाखवतात, धर्माच्या नावानं पैसा गोळा करतात, पोरांना शिकवतात. ते झाकलं तर समोरच्याचा आपल्यावरचा विश्वासच उडतो.

जुना_राजवाडा
मान्य. म्हणून तर 'धर्म' हा शब्द बाजूला ठेवून विचारा: कोणता पंथ, कोणती संघटना, कुणाचं भाषण, कुणाचा पैसा? 16 फेब्रुवारी 2017 ला सिंधमधल्या सेहवानला लाल शाहबाज कलंदरच्या दर्ग्यात स्फोट झाला. ऐंशीच्या वर माणसं गेली, जबाबदारी इस्लामिक स्टेटनं घेतली. मेले ते दर्ग्यावर आलेले भाविक. आपल्या बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती कोरलाय, मोहरमला तालमीत पंजे बसतात, कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. हे सगळं त्या संघटनेच्या लेखी पाखंड आहे. म्हणजे इथं पंजाला खांदा देणारा मुसलमान तिच्या बाजूचा नाही, तिच्या निशाण्यावरचा आहे. दोघांना एकाच नावाखाली घातलं की तिला हवं तेच आपण करून देतो.

26/11 नंतर मुंबईच्या मुस्लिम ट्रस्टनं नऊ अतिरेक्यांना कबरस्तानात जागा नाकारली. हेही त्या यादीखाली टाका.

फॉरवर्ड_तपासा
ग्रुपवर वाद बहुतेक वेळा व्हिडिओवरून पेटतो, म्हणून आधी तो बघा. दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं असेल तर तो पाच किंवा जास्त हात फिरून आलाय. व्हिडिओ थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट घ्या. पाटी, गाडीची नंबर प्लेट, पोलिसांचा गणवेश दिसेल अशा जागी. ते गुगल लेन्समध्ये टाकून सगळ्यात जुनी तारीख शोधा. लोक पहिलाच निकाल बघून थांबतात आणि तिथंच फसतात, कारण वर नवी, चुकीची पोस्टच येते. आवाज बंद करूनही एकदा बघा. चढवलेला आवाज भलतंच सांगत असतो.

अटक म्हणजे निकाल नव्हे. 2006 च्या मालेगाव स्फोटात पकडलेले मुसलमान आरोपी 2016 ला दोषमुक्त झाले, 2008 च्या स्फोटातले सातही हिंदू आरोपी 31 जुलै 2025 ला निर्दोष सुटले. लोकांनी धर्म बघून निकाल केव्हाच देऊन टाकला होता.

पंचगंगाकाठ
आणि व्हिडिओ खरा निघाला तर? गुन्हा खरंच त्यांच्यातल्यानं केला असेल तर?

फॉरवर्ड_तपासा
तर आधी गुन्ह्याला गुन्हा म्हणा, तेही पहिल्याच ओळीत. 'पण' लावून सुरुवात केली की पुढचं कुणी वाचत नाही. मग करणाऱ्यावर बोट ठेवा. मजकूर असा टाका:

"हे कृत्य निर्घृण आहे, करणाऱ्याला कडक शिक्षा झालीच पाहिजे. आरोपी अमुक, संघटना अमुक, कलम अमुक. आपल्या गल्लीतल्या माणसानं यात काय केलंय ते कुणाला माहीत असेल तर सांगा."

'त्यांना हाकला', 'त्यांच्या दुकानात जाऊ नका' असं कुणी लिहिलं तर ॲडमिननं तो मेसेज सर्वांसाठी डिलीट करावा आणि लिहिणाऱ्याला खासगीत फोन करावा. चारचौघांत झापलं की माणूस हट्टाला पेटतो. धर्मावरून तेढ पसरवण्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम 196, म्हणजे पूर्वीचं 153अ, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचं आहे. ते धमकी म्हणून ग्रुपवर टाकू नका, त्या फोनवर शांतपणे सांगा.