हलकेपणाबरोबर रचनाही पाहावी
एकाच संगणकावर वेगवेगळ्या कामांसाठी अनेक आभासी डेस्कटॉप (एकाआड एक बदलता येणारे पडदे) हवे असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातले ‘डेस्कटॉप्स’ संगणकावर भार टाकण्यात सर्वांत हलके आहे म्हणून तेच घ्यावे, असे एक मत आहे. ते हलकेपणापुरते मान्य आहे. मात्र निवड करताना त्याची रचनाही पाहायला हवी, कारण रोजच्या कामातला फरक तिथेच पडतो. ते प्रत्येक डेस्कटॉपसाठी विंडोजमधील स्वतंत्र डेस्कटॉप ऑब्जेक्ट (विंडो ठेवण्याची वेगळी अंतर्गत जागा) वापरते आणि जी विंडो जिथे उघडली, ती तिथेच बांधलेली राहते. त्यामुळे पहिल्या डेस्कटॉपवर उघडलेली एक्सेलची फाइल दुसऱ्यावर हलवता येत नाही, डेस्कटॉप चारच मिळतात आणि ते बंद करायचे तर लॉग-ऑफ करण्यावाचून गत्यंतर नसते.

हिशेब, पत्रव्यवहार आणि ब्राउझर वेगळे ठेवूनही ज्यांना मध्येच एखादी विंडो इकडची तिकडे न्यावी लागते, त्यांना मी २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आलेली अनेक डेस्कटॉपची अंगभूत सोयच सुचवेन. विंडोज आणि टॅब ही बटणे एकत्र दाबली की उघडलेल्या विंडो छोट्या चित्रांत दिसतात. हवी ती ओढून दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकता येते आणि चित्रावर राइट-क्लिक करून ती सगळ्या डेस्कटॉपवर दिसेल असेही ठरवता येते. कॅल्क्युलेटर मी असाच ठेवतो. विंडोज ७ वापरणाऱ्यांनी मात्र व्हर्च्युआविन हे याच कामाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पाहावे. त्यातही विंडो हलवता येतात.