घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना एकांताची साधना कशी बसवावी?

मोगरा_दारी:
सासूबाईंची पक्षाघाताने उजवी बाजू गेली आहे, सगळं अंथरुणातच. गळ्यात माळ आहे, हरिपाठाचा नेम आहे, पण रोज तासभर दार लावून नामात बसायची ओढ लागून राहते. बसलं की हाक येते. नाही बसलं की हात सेवेत आणि मन वैतागलेलं. ‘सेवा हीच साधना’ म्हणतात, त्याने भागत नाही. वेळ कशी बसवावी? दहा दिवसांचं विपश्यना शिबिर जमेल का?

रातपाळी:
आधी कुशीचं वेळापत्रक लावा आणि साधना त्याला बांधा. कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते, हवेची गादी असली तरीही. पहाटे ४.३० ला कूस बदला, ओलं आहे का बघा, पाणी हवं का विचारा. मग पावणेपाच ते पावणेसहा तुमचे. हाक येते ती बहुतेक ओलं, तहान किंवा अवघडलेला हात यांपायी. ते आधीच मिटलं की तो तास टिकतो.

पूर्ण कुशीवर टाकू नका. पाठीला उशी देऊन ३० अंश कलतं ठेवा आणि पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा गादीला टेकणार नाहीत. लुळा हात धरून ओढू नका, खांदा जागचा सरकतो. कातडीवरचा लाल डाग दाबून फिका पडत नसेल तर ती पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात. तो चोळू नका, त्या अंगावर निजवू नका, डॉक्टरांना दाखवा.

त्या तासापुरती घरात कुणावर तरी स्पष्ट जबाबदारी टाका. ‘जरा लक्ष ठेवा’ एवढं पुरत नाही. घंटा सासूबाईंच्या डाव्या हाताशी, आणि ती वाजली की कोण उठणार हे रात्रीच ठरलेलं हवं.

इंद्रायणीकाठ:
तासाने सुरुवात करू नका. ‘रामकृष्णहरी’ची १०८ मण्यांची एक माळ संथपणे ४-५ मिनिटं घेते. सहा माळा, म्हणजे अर्धा तास, महिनाभर न चुकता झाला की वाढवा. मोठा नेम आठवड्यात मोडतो आणि त्याचा राग रुग्णावर निघतो.

मध्येच हाक आली तर लगेच उठा. ‘एवढी माळ संपवते’ म्हणून थांबलात तर जपही घाईचा होतो. परत आल्यावर अर्धी राहिलेली माळ मेरूपासून, म्हणजे टोकाच्या मुख्य मण्यापासून, धरा, आधीच्या पूर्ण माळा मोजणीत राहतात.

हरिपाठ मात्र एकांतात नको. जेवणानंतर अर्धा तास त्यांना टेकून बसतं ठेवावंच लागतं, आणि २७-२८ अभंग साध्या चालीत जवळपास तेवढ्याच वेळात होतात. उजवी बाजू गेली की अनेकदा वाचाही जाते, पण लहानपणापासून पाठ असलेलं चालीवर म्हणता येतं. तोंडात घास उरला नाही ना एवढं पाहून सुरू करा आणि ध्रुपदाला, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीला, त्यांच्यासाठी थांबा. बोलता न येणाऱ्या माणसाच्या ओठांवर ‘हरि मुखें म्हणा’ येतं, यापरती सेवा कोणती?

आणि हो, काम करता करता नाम चालूच ठेवा.

दहावा_दिवस:
शेवटच्या वाक्याला थोडी हरकत. चादरी धुताना, भाजी निवडताना नाम खुशाल घ्या. औषध देताना आणि त्यांना उचलताना नको. रक्त पातळ ठेवायची गोळी चुकून दोनदा गेली तर रक्तस्रावाची भीती असते. तिथे पूर्ण लक्ष हीच भक्ती.

विपश्यनेचं शिबिर दहा दिवसांचं असलं तरी आदल्या दुपारी हजर व्हायचं असतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी, म्हणजे घर १२ तारखा सोडायचं. फोन जमा होतो. घरच्यांकडे केंद्राच्या कार्यालयाचा नंबर ठेवा. माळकऱ्यांनी हेही बघावं की त्या काळात जप, पूजा, उपास सगळं थांबवायला सांगतात, जपमाळही सोबत चालत नाही. मध्ये एकादशी आली तर? गळ्यातल्या तुळशीमाळेचं अर्ज करतानाच विचारा.

इंद्रायणीकाठ:
नेम मोडायचा नसेल तर आळंदीच्या धर्मशाळेत तीन दिवस राहा. फक्त आषाढीच्या प्रस्थानाचे आणि कार्तिक वद्य अष्टमी ते अमावस्येचे दिवस टाळा, तेव्हा एकांत मिळत नाही.

रातपाळी:
तीन असोत की बारा, बदली माणसाला आधी दोन पूर्ण दिवस तुमच्या देखत सगळं करू द्या, रात्रीच्या कुशींसकट. गोळ्यांची नावं, मात्रा, वेळा मोठ्या अक्षरात लिहून खाटेजवळ लावा. दिलेल्या गोळीपुढे खूण करायची सवय तेव्हाच लागते.