पूर्वजन्मीचं कर्म हे उत्तर नको

निरपराधांना दुःख का, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते म्हणजे पूर्वजन्मीचं फळ. मला लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप आठवतो. २९ सप्टेंबर १९९३ला गणपती बोळवून माणसं दमून झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीच्या रुंद भिंती, वरचं जड माळवद अंगावर आलं. १० हजारांच्या आसपास जीव गेले. कुंचीतल्या तान्ह्या लेकराचं कसलं कर्म? घरं का पडली ते कळतं, मातीत रचलेले गोटे धक्क्याला टिकत नाहीत. पण नेमकं त्याच रात्री का, हे देवालाच विचारावं लागतं.

औशाच्या माझ्या मावशीनं पुढे कितीतरी दिवस देवापुढे दिवा लावला नाही. देव पुसायची मात्र रोज, आणि पुसता पुसता भांडायची, "आदल्या दिवशीच तर तुला वाजतगाजत पोचवलं होतं ना रे?"