पेनांट मेलांगेल : दंतकथेपलीकडचं गाव

काहीजण म्हणतात की वेल्समधल्या पेनांट मेलांगेल या छोट्या गावाला एका दंतकथेपलीकडे इतिहास नाही. मला हे मुळीच पटत नाही, म्हणून थोडी भर घालते.

ती दंतकथा अशी: वेल्समधल्या पोविस राज्याचा राजा ब्रोखवेल शिकारीला आला, रानससा मेलांगेल नावाच्या संत स्त्रीच्या वस्त्राआड लपला, शिकारी कुत्रे मागे हटले आणि राजाने ती दरी तिला देऊन टाकली. परंपरा साल ६०४ सांगते. त्याला समकालीन पुरावा नाही, हे मान्य.

पण बर्विन डोंगरांच्या कुशीतल्या या वाडीतलं चर्च बाराव्या शतकातलं आहे, आणि आवारातले यू वृक्ष त्याहून कितीतरी जुने. उत्खननात चर्चखाली कांस्ययुगीन दहनाच्या खुणा सापडल्या. म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं आपले मृत इथे आणत होती!

मला सर्वात मोलाची वाटते ती मेलांगेलची समाधी. तीही बाराव्या शतकातली. धर्मसुधारणेच्या (प्रॉटेस्टंट चळवळीच्या) काळात ती मोडली गेली, पण तिचे कोरीव दगड टाकून न देता चर्चच्या भिंतींत आणि आवाराच्या प्रवेशद्वारात बसवले गेले. त्यामुळेच १९५८ मध्ये ते तुकडे काढून समाधी पुन्हा जुळवता आली. पुढे १९९०च्या सुमारास चर्चच्या डागडुजीबरोबर ती नव्याने उभारली. चर्चमधल्या पंधराव्या शतकातल्या लाकडी पडद्यावर ससा, राजा आणि मेलांगेल कोरलेले आहेत. परिसरात रानससा मारणं पूर्वी पाप मानत.

एवढ्याशा पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) एवढं टिकलंय, ते नुसत्या दंतकथेत कसं गुंडाळायचं?